दान की देणे?

शाळेच्या बाकांवर, रुग्णवाहिकेच्या दारावर, आश्रमशाळेच्या अंगणातील पाण्याच्या टाकीवर आणि वृद्धाश्रमाच्या भिंतीवर अलीकडच्या काही वर्षांत एक ओळ हटकून दिसू लागली आहे : ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’. सौजन्य म्हणजे सुजनाचा भाव, चांगुलपणा. ही ओळ वाचताना देणाऱ्याविषयी आपल्या मनात सहजच कृतज्ञता दाटून येते आणि तसे होण्यात गैर काही नाही. तथापि क्षणभर थांबून विचार करणाऱ्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. हा पैसा कंपनीने आपखुशीने दिलेला नसून कायद्याने द्यावयास लावलेला असेल, तर त्यात सौजन्य कोणाचे? आणि अशा पैशाला दान म्हणावयाचे, की देणे?

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांचा या व्यवहाराशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. आपली मुले-मुली कंपन्यांच्या लेखा विभागात बसून हे आकडे मांडीत असतात. आणि आपलेच वडीलधारे, धर्मगुरू व धर्मभगिनी एखाद्या वसतिगृहाचे, दवाखान्याचे वा बालवाडीचे विश्वस्त या नात्याने त्याच कंपन्यांच्या दारी प्रस्ताव घेऊन उभे असतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपणच असल्यामुळे टेबलावरून जाणारा पैसा नेमका कोणाचा, हे आपल्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये वा अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी वा अधिक, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा अधिक, अशा कंपनीला ते लागू करण्यात आले. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. तीन वर्षांत एखाद्या कंपनीला अनुक्रमे ८, १० आणि १२ कोटी नफा झाला असेल, तर सरासरी १० कोटी आणि समाजाच्या वाट्याचे २० लाख रुपये. यालाच कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व, किंवा सर्वांच्या तोंडी बसलेले नाव सांगावयाचे तर सी.एस.आर., असे म्हणतात.

हा पैसा कोठे खर्चावा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण यांचे निवारण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे शुद्ध पाणी, शिक्षण, स्त्रियांची व अनाथांची वसतिगृहे, वृद्धाश्रम, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्तिनिवारण अशी ती यादी आहे. कशावर खर्च केलेला चालणार नाही, तेही सांगून ठेवले आहे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचे काम, केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या सोयी, राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या, मालाची जाहिरात साधणारे प्रायोजकत्व आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याने मुळातच बंधनकारक असलेली कामे यांपैकी काहीही या खात्यात धरले जात नाही. प्रार्थनामंदिराचे बांधकामही या यादीत नाही. सर्व धर्मांच्या कामगारांनी आणि ग्राहकांनी मिळवून दिलेला पैसा सर्वांच्या कामी यावा, हे आम्हांला न्याय्यच वाटते.

प्रारंभी या कायद्याला दात नव्हते. रक्कम खर्च झाली नाही, तर संचालक मंडळाने आपल्या अहवालात कारण नमूद करावे, एवढीच अपेक्षा होती. कायदा जणू म्हणत होता : द्या, नाहीतर का दिले नाही ते चारचौघांत सांगा. अनेकांनी दिले, कित्येकांनी कारणे सांगितली. २०१९ साली संसदेने अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद करून पाहिली. तिच्यावर उद्योगजगतातून ओरड झाली आणि ती अंमलात आलीच नाही. अखेरीस २२ जानेवारी २०२१ पासून मधला मार्ग रूढ झाला. अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत बँकेच्या स्वतंत्र खात्यात ठेवावयाची आणि तीन वर्षांत खर्चावयाची. असा प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीत नेमून दिलेल्या सरकारी निधीत भरावयाची. कसूर झाली तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड. जबाबदार अधिकाऱ्यालाही वेगळा दंड. म्हणजे ‘द्या, नाहीतर सांगा’ येथून निघालेला कायदा सात वर्षांत ‘द्या, नाहीतर भरा’ येथवर आला. २०१४-१५ साली कंपन्यांचा हा खर्च सुमारे १० हजार कोटी रुपये होता. २०२३-२४ साली तो ३४ हजार कोटींच्या पुढे गेला. त्याचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात पडतो.

आता येथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. सक्तीचे दान हे दानच नव्हे, असे सज्जन माणसे म्हणतात. संत पौलाने जेरुसलेममधील गरिबांसाठी करिंथ येथे वर्गणी मागितली, तेव्हा आपण आज्ञा करीत नाही, हे त्याने आवर्जून बजावले होते. ज्याने त्याने मनात ठरविल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावे, एवढीच त्याची इच्छा होती. दंडाच्या भीतीने दिलेल्या पैशात करुणा कोठून येणार? दुसऱ्या टोकाहून अर्थशास्त्रज्ञही तक्रार करतात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० सालीच असा युक्तिवाद मांडला होता की कंपनीचे चालक हे भागधारकांचे नोकर आहेत. धन्याच्या पैशाने औदार्य दाखविण्याचा अधिकार नोकराला नाही. एकाच्या मते सक्तीमुळे पुण्य नाहीसे होते, दुसऱ्याच्या मते पैसाच परक्याचा असल्यामुळे पुण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आम्हांला वाटते की हे दोन्ही आक्षेप एकाच गृहीतावर उभे आहेत. कंपनीचा सगळा नफा कंपनीचाच आहे आणि त्यातून बाहेर जाणारा प्रत्येक रुपया म्हणजे देणगी, हे ते गृहीत होय. ते खरे आहे काय? कंपनी ही काही आईच्या पोटी जन्मलेली व्यक्ती नव्हे. तिला जन्म देतो तो कायदा, म्हणजेच समाज. आणि जन्मतःच तिला तो एक मोठी सवलत देतो. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागभांडवल जाते. त्याचे घर, त्याची शेती सहसा जात नाही. तिच्या पेढीवरच्या उरलेल्या कर्जाची झळ घेणेकरी, कामगार आणि पुरवठादार सोसतात. शेतकऱ्याच्या नावावर अशी मर्यादित जबाबदारी कोणी लिहून दिलेली नाही. त्यात भर म्हणून कंपनीचा माल सार्वजनिक रस्त्यांवरून जातो, तिचे कारकून सरकारी अनुदानाच्या शाळांत शिकलेले असतात, तिच्या कारखान्याला लागणारे पाणी कोणाच्या तरी बुडालेल्या गावावर उभ्या राहिलेल्या धरणातून येते. या साऱ्याची किंमत ताळेबंदात कोठेही मांडलेली नसते. मग २ टक्के समाजाकडे परत गेले, तर ते औदार्य झाले की अंशतः फेड झाली?

आपल्या मराठी भाषेने हा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे. ‘देणे’ हे क्रियापद आहे तसेच नामही आहे आणि नाम म्हणून त्याचा अर्थ कर्ज असा होतो. ‘मी तुझे काही देणे लागत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा दानाविषयी बोलत नसतो. ख्रिस्तसभेच्या परंपरेतही हा सूर जुना आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी श्रीमंतांना सुनावले होते की गरिबाला तुम्ही देता ते तुमच्या मालकीचे नसून त्याचेच त्याला परत करीत असता. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी राष्ट्रांच्या विकासावरील आपल्या परिपत्रकात त्या विचाराची आठवण करून दिली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी गरजेपेक्षा अधिक असलेले धन निसर्गनियमानेच गरिबांच्या पोषणासाठी आहे, असे प्रतिपादन केले. आपल्याच काळाजवळ यावयाचे तर गांधीजींनी श्रीमंतांना मालक न म्हणता विश्वस्त म्हटले आणि विनोबांनी १९५१ पासून गावोगाव फिरून जमीन मागितली, ती भीक म्हणून नव्हे, तर भूमिहीनाचा वाटा म्हणून. दान म्हणजे समान वाटणी, हा त्यांचा अर्थ होता.

या दृष्टीने पाहिले म्हणजे कायद्यातील काही बारीक कलमे निराळ्या प्रकाशात दिसू लागतात. समाजकार्यातून चुकून नफा उरला, तर तो कंपनीच्या धंद्याच्या नफ्यात मिसळता येत नाही. या पैशातून इमारत उभी राहिली, यंत्र घेतले, तर ते कंपनीच्या मालकीचे राहू शकत नाही. ते नोंदणीकृत सेवाभावी संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावे लागते. २०१४ सालीच प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती होऊन हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करून घेण्यास मनाई झाली. तशी मुभा दिली असती, तर त्या रकमेचा मोठा हिस्सा अप्रत्यक्षपणे सरकारी तिजोरीतूनच गेला असता. कायदा करुणेची भाषा बोलत नाही. परंतु हा पैसा कंपनीच्या खिशातून एकदा निघाला की परत तेथे जाता कामा नये, एवढे तो पक्के जाणतो.

म्हणून आमचे म्हणणे असे : हे २ टक्के म्हणजे दान नव्हे, देणे होय. हे मान्य केले म्हणजे कोणाचाच अपमान होत नाही. कायद्याने करुणा निर्माण होत नाही, हे खरेच. परंतु कर्जफेडीला करुणेची आवश्यकताच नसते. तेथे प्रामाणिकपणा पुरेसा असतो. त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट निष्पन्न होते. २ टक्के दिल्याने उरलेले ९८ टक्के पवित्र होत नाहीत. नेत्रशिबिर भरविणाऱ्या कारखान्याने कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी बुडविला असेल, किंवा शाळेला संगणक देणाऱ्याने रात्रीच्या अंधारात ओढ्यात रसायने सोडली असतील, तर त्याच्या फलकावरील ‘सौजन्य’ या शब्दाला काय अर्थ उरतो? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. आधी न्याय, मग दया; न्यायाची थकबाकी ठेवून दयेचे खाते उघडता येत नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊ. कंपनी हा पैसा स्वतः खर्चू शकते, तसाच संस्थेमार्फतही खर्चू शकते. मात्र संस्था नोंदणीकृत हवी : सार्वजनिक विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा ना-नफा तत्त्वावरील कंपनी. तिच्यापाशी प्राप्तिकर खात्याची दोन प्रमाणपत्रे हवीत. १९६१ च्या कायद्यातील कलमांवरून संस्थाचालक ती ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’ या नावांनी ओळखत आले. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने क्रमांक बदलले, तरी तोंडची नावे तीच राहिली आहेत. संस्था कंपनीने वा सरकारने काढलेली नसेल, तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सी.एस.आर.-१ हा अर्ज भरून स्वतंत्र क्रमांकही घ्यावा लागतो आणि त्या अर्जावर चार्टर्ड अकाउंटंट किंवा तत्सम व्यावसायिकाची पडताळणी लागते. पैसा मंजूर कामासाठीच वापरला गेला, असे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. महाराष्ट्रातील संस्थेवर याशिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची देखरेख असते. दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, जमीन विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. हाच कायदा मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयास लावतो. म्हणजे देणे लागते ती केवळ कंपनीच असे नव्हे. समाजाकडून सवलत घेणारी संस्थाही लागते.

ही यादी वाचून एखाद्या धर्मभगिनीने सुस्कारा सोडला, तर तिला दोष देता येणार नाही. तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी बसावे की पोर्टलवर कागद चढवावेत? गरिबाची भूक कागद मागत नाही. मग मदतीला इतके कागद का? हा दुसरा आक्षेप होय आणि तोही प्रेमापोटीच निघालेला आहे.

तरीही आम्हांला वाटते की हिशेब हा प्रेमाचा शत्रू नाही. इंग्लंडमध्ये १६०१ साली धर्मादाय कामांविषयीचा जो कायदा झाला, ज्याची छाया आजच्या धर्मादाय कायद्यांवर पडलेली आहे, त्याचा हेतूच मुळी गरिबांसाठी ठेवलेल्या जमिनी आणि पैसे भलतीकडे वळविले जात होते ते रोखण्याचा होता. फार मागे जावयाचे तर प्रेषितांच्या काळातच ही गरज भासली. जेरुसलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना भक्तीचा उपदेश करून परत पाठविले नाही. त्यांनी विश्वासू म्हणून नावाजलेले सात जण निवडावयास सांगितले आणि वाटपाची व्यवस्था लावली. संत पौलानेही जेरुसलेमसाठीचा निधी एकट्याने नेला नाही. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू आणि आणखी एक पारखलेला बंधू धाडला. त्याला आपला व्यवहार देवापुढेच नव्हे, तर माणसांपुढेही स्वच्छ असावयास हवा होता. लेखापरीक्षक हा शब्द त्या पत्रात नाही. त्याचे काम मात्र आहे.

उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, या शिकवणुकीशी हे विसंगत नाही काय, असे कोणी विचारील. आम्हांला विसंगती दिसत नाही. ती शिकवण देणाऱ्याच्या अहंकारासाठी आहे. हाती सोपविलेल्या पैशाच्या हिशेबासाठी नाही. प्रसिद्धी आणि पारदर्शकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत देणारा झळकतो, दुसरीत पैसा दिसतो. कंपनीने आपले मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावेत, हे कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु वसतिगृहातील मुलींना रांगेत उभे करून, हातात कंपनीचे फलक देऊन छायाचित्रे काढावीत, असे कोणताही कायदा सांगत नाही. ज्याचे त्याला मिळत असताना त्याने हात जोडून उभे का राहावे? संस्थाचालकांनी आभाराचे पत्र अवश्य लिहावे. सभ्यतेला तेवढे पुरते. मुलांचे चेहरे मात्र विकावयास काढू नयेत.

दान आणि देणे यांतील भेद केवळ तात्त्विक नाही, हे एका प्रसंगात फार स्पष्ट होते. हा प्रसंग कल्पित आहे. परंतु संस्था चालविणाऱ्यांना तो अगदीच अपरिचित वाटणार नाही. आदिवासी पाड्यांतील मुलींचे एक छोटे वसतिगृह आहे. छप्पर गळते. पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे. सर्व प्रमाणपत्रे आहेत, पण पैसा नाही. अशा वेळी एक मध्यस्थ येतो आणि नम्रपणे सांगतो, “फादर, दहा लाखांचा धनादेश मिळवून देतो. पावती दहा लाखांची, खर्च झाल्याचे प्रमाणपत्रही दहाचे. फक्त सहा लाख रोखीने परत करायचे. चार तुमचे.” विश्वस्तांच्या सभेत शांतता पसरते. मग एक वयस्क विश्वस्त म्हणतो, “फादर, चार लाखांत छप्पर होईल. आपण काही खिशात घालत नाही. सहा लाखांचे पाप त्यांचे, छप्पर आपल्या मुलींचे.”

हे बोलणे लबाड माणसाचे नाही. गळक्या छपराखाली झोपणाऱ्या मुली डोळ्यांपुढे असलेल्या माणसाचे आहे. म्हणूनच त्याचे उत्तर शांतपणे शोधावयास हवे. हा पैसा दान असता, तर त्याच्या युक्तिवादात थोडे तरी तथ्य असते. दाता दहा देतो म्हणाला, शेवटी त्याने चारच दिले. त्याचे औदार्य चाराचे, आपण चाराचे आभार मानले, विषय संपला. परंतु हा पैसा देणे आहे. नफा झाला त्या दिवसापासून संपूर्ण दहा लाखांवर गरिबांचा हक्क लागला. मग परत जाणारे सहा लाख कंपनीचे नाहीत. ते दुसऱ्या कोणत्या तरी पाड्यावरच्या मुलींचे आहेत. कदाचित त्यांच्या छपराचे, कदाचित त्यांच्या औषधाचे. आणि ते त्यांच्यापासून हिरावून घेण्यासाठी लागणारे एकमेव हत्यार म्हणजे आपल्या संस्थेची पावती. मध्यस्थाला आपले चारित्र्य नको आहे, आपली सही हवी आहे. आणि आपल्या सहीला किंमत आहे ती आपल्या पूर्वसूरींनी वर्षानुवर्षे राखलेल्या चारित्र्यामुळेच. एका वसतिगृहाचे छप्पर दुसऱ्या वसतिगृहाच्या विटा काढून घालता येत नाही. विश्वस्तांनी नकारच द्यावयास हवा.

पण येथेच आम्ही थांबलो, तर तो स्वस्त उपदेश ठरेल. नकार दिल्याने छप्पर गळावयाचे थांबत नाही. सचोटीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते आणि विश्वस्तांच्या सचोटीची किंमत पावसात भिजून मुलींनी मोजावी, हे न्याय्य नव्हे. म्हणून नकार देणाऱ्या विश्वस्तांच्या पाठीशी धर्मग्रामाने उभे राहावयास हवे. ज्यांनी सभेत ‘नाही’ म्हटले, त्यांना पुढच्या रविवारी मिस्सानंतर ‘छपराचे किती कमी पडतात?’ असे विचारणारी चार माणसे भेटावयास हवीत. नाही तर आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा दुसऱ्याकडून आणि त्याची झळ तिसऱ्याने सोसावी, अशी सोयीची नीती पाळीत राहू.

आणखीही एक गोष्ट आपल्या हाती आहे. कायद्याच्या अटी सर्वांना सारख्या असल्या, तरी त्या पेलण्याची शक्ती सारखी नसते. मोठ्या शहरातील संस्थेपाशी इंग्रजीतून प्रस्ताव लिहिणारा पगारी माणूस असतो. डोंगरकपारीतील संस्थेपाशी एक धर्मभगिनी आणि एक जुने कपाट असते. काम दुसरीचे अधिक खडतर असूनही पैसा पहिलीकडे जातो, कारण पैसा कागदाची वाट धरून चालतो. कंपन्यांनी आपल्या कार्यक्षेत्राजवळच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सुचवितो. त्यामुळे जेथे कारखाने नाहीत तेथे पैसाही बेताचाच पोहोचतो. ही दरी कायदा बुजवू शकत नाही. आपण थोडी बुजवू शकतो. आपल्या धर्मग्रामांत बँकांतून निवृत्त झालेली माणसे आहेत, लेखापाल आहेत, कंपन्यांच्या कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या भगिनी आहेत. महिन्यातून एक शनिवार त्यांनी अशा एका संस्थेचे हिशेब लिहून दिले, अर्ज भरून दिला, मुदतीच्या तारखा लक्षात ठेवल्या, तर कोणत्याही धनादेशाहून ते मोठे साहाय्य ठरेल. अन्नदान, विद्यादान हे शब्द आपल्या भाषेत आहेत. हिशेबदान हा शब्द नाही. शब्द नसला तरी काम करावयास हरकत नाही.

जे कंपन्यांत अधिकारपदावर आहेत, त्यांच्यासाठीही एक विनंती. वर्षअखेर जवळ आली की उरलेली रक्कम कोठे तरी ‘संपवून टाकावी’ अशी घाई सुरू होते. ज्या नजरेने आपण घरच्या कर्जाचा हप्ता वेळेवर भरतो, त्याच नजरेने या रकमेकडे पाहावे. संस्थेचे काम एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन बघावे. कायदा सहीवर समाधानी असतो. माणसाने तेवढ्यावर समाधानी राहू नये.

मग खऱ्या दानाला जागा उरली कोठे? आम्हांला वाटते, देणे फिटल्यानंतर ती सुरू होते. जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, ती त्याची फेड होती. अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, ते त्याचे दान होते. दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्या, पण त्या एकच नव्हत्या. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला तर कोणतेच कलम लागू नव्हते. तिच्या ताळेबंदात नफा नव्हता, सरासरी नव्हती, टक्केवारी नव्हती.

आपल्या घरांनाही कलम १३५ लागू नाही. आपल्या तीन वर्षांच्या बचतीची सरासरी काढून तिच्यातील २ टक्के कोणाचे, हे विचारावयास कोणी अधिकारी येणार नाही. खर्च न झालेल्या रकमेवर कोणी दंड आकारणार नाही. कामवाल्या बाईचा थकलेला पगार, विहिरीच्या वाटणीत शेजाऱ्याचा बुडालेला वाटा, शिक्षणासाठी आपल्याला कधी काळी कोणीतरी दिलेले आणि आपण अद्याप पुढे न दिलेले पैसे, हे सारे आपले देणे आहे. कंपनीला तिचे देणे कायद्याने सांगितले. आपले आपल्याला स्वतःच लिहून काढावे लागणार आहे आणि ते फेडून जे उरेल, त्यातूनच आपल्याला दान देता येईल.